वयनी की ताई

प्रश्न असा होता: माणूस कोणते बोलणे हसून घेतो, आणि कोणते बोलणे ऐकून जागेवरून उठून जातो?

हा प्रश्न मला अकोल्यात पडला. त्याचे उत्तरही तेथेच सापडले, असे मी बरीच वर्षे समजत होते. ते उत्तर अगदीच चुकीचे नव्हते, अपुरे होते. मात्र त्या अपुरेपणाची झळ मला लागली नाही. ती अमरावतीच्या बाजारातील एका भाजीवाल्या बाईंना लागली. म्हणून झाले तसे, क्रमाने लिहून ठेवते.

अकोल्याच्या एका शाळेत मी मराठी शिकवीत असे. एकदा आठवीतल्या दोन मुली मधल्या सुट्टीत भांडल्या. एकीने दुसरीच्या आईवरून काही काढले, दुसरीने तिला डबा फेकून मारला. मुख्याध्यापिकांकडे पाठवण्याऐवजी मी दोघींना एका बाकावर बसवले आणि शिक्षा सांगितली: एकमेकींना दहा दहा शिव्या द्यायच्या, पण लेखी, आणि त्यांत चार गोष्टी येता कामा नयेत. त्या चार मी फळ्यावर लिहिल्या. आईबाप. शरीर. जातधर्म. घरची गरिबी.

मग शेवटच्या बाकावरची, एरवी फारशी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, मेलेलं मानूस बी नको."

मी पाचवी गोष्ट लिहिली. का, ते तिला विचारले नाही.

दोघींना दहा शिव्या जुळवायला उरलेला सगळा तास लागला. एरवी तोंडात येणाऱ्या शिव्यांपैकी जवळजवळ सगळ्या या पाचांत मोडतात, हे त्यांना आणि मला एकाच वेळी कळले. तास संपताना एकीच्या वहीत होते, "तुझे अक्षर पाहून मुंग्या वारुळाची वाट विसरतात." दुसरीच्या वहीत होते, "तू इतकी हळू चालतेस की तुझी सावली शाळेत जाऊन हजेरी देऊन परत येते." वह्यांची अदलाबदल झाल्यावर दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. मुंग्यांची शिवी जिला मिळाली होती, तिने ती आपल्या वहीत उतरवून घेतली.

त्याच आठवड्यात मी एक जाड वही घेतली आणि तीन रकाने आखले: कोण कोणाला, काय म्हणाले, पुढे काय झाले. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा होता. शब्द कितीही तिखट असो, पुढे दोघांनी मिळून चहा घेतला असेल तर ती शिवी रेषेच्या अलीकडची. पुढे अबोला झाला असेल तर पलीकडची. शिक्षकांची खोली, एसटी स्थानक, लग्नघरे, जेथे कान गेला तेथून नोंदी आल्या. पाच नियम बहुतेक ठिकाणी टिकले. निवृत्तीनंतर अमरावतीला राहायला आले, तेव्हा वहीबरोबर ते पाच नियमही आले.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर भाजीबाजार आहे. तेथे दोन ओटे एकमेकांना लागून होते. एकावर पन्नाशी ओलांडलेल्या, खणखणीत आवाजाच्या एक बाई भाजी विकत. त्यांचे पती त्यांच्या मागे पोत्यावर बसून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधत. शेजारच्या ओट्यावर फळवाले भाई बसत. हिवाळ्यात वरूड गावची संत्री, उन्हाळ्यात टरबूज आणि आंबे. त्यांच्या घराण्यात फळांचा धंदा आजोबांपासूनचा. भाई घरी उर्दू बोलत, गिऱ्हाइकाशी हिंदी, आणि या शेजाऱ्यांशी अस्सल वऱ्हाडी. बाईंच्या पतींना ते "भाऊ" म्हणत. त्यामुळे बाई आपोआप "वयनी" झाल्या. वहिनीला आमच्याकडे वयनी म्हणतात. दीर-भावजयीत थट्टा चालते, नव्हे, झालीच पाहिजे, हेही आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते. मीदेखील या लिखाणात त्यांना वयनी, भाई आणि भाऊ असेच म्हणेन.

सकाळी ताडपत्री उघडताना पहिला वार बहुधा भाईंचा असे.

"वयनी, हे वांगे आज आले का मागच्या पोळ्याले?"

"तुमच्या संत्र्याहून ताजे हायेत. तुमचं संत्र त लाजेनं साल सोडत नाही."

"गिऱ्हाईक म्हनते, मिरचीत तिखटच नाही. कसं राहीन? सारं तुमच्या तोंडात निंगून आलं."

"अन् तुमी वजन करता त काटा हसते, भाई."

प्रत्येक वाक्यानंतर दोघेही मागे बसलेल्या भाऊंकडे पाहत. भाऊ बोलत नसत. वाक्य सामान्य असेल तर त्यांचे हात जुडी बांधतच राहत. वाक्य उत्तम असेल तर ते हातातली जुडी खाली ठेवत. निकाल एवढाच, त्यावर अपील नव्हते. निकाल आपल्या बाजूने लागावा म्हणून हिवाळाभर भाई त्यांना रोज सकाळी एक संत्रे देत. वयनी त्याला उघडपणे लाच म्हणत. मी पाहिलेल्या दिवसांत सर्वांत लवकर जुडी खाली ठेवली गेली ती वयनींच्या या वाक्याला: "भाई इतके सुस्त, का कोळ्यानं याइच्या अंगावर जाळं इनलं अन् थेच म्हातारं झालं." भाईंचे उत्तर मात्र कमी नव्हते. "वयनीले बडनेऱ्याच्या टेसनात नोकरी द्या. एक आवाज देल्ला का गाडी वेळेच्या आधी सुटते." भाऊंनी तीही जुडी खाली ठेवली. त्या दिवशी मेथी उशिरापर्यंत सुटीच पडून होती.

या काळातील दोन नोंदी येथे देणे आवश्यक आहे.

पहिली नोंद. पुण्याहून नव्याने बदली होऊन आलेल्या एक बाई वांगी निवडत होत्या. दोन्ही बाजूंनी चाललेला मारा ऐकून त्या घाबरल्या आणि म्हणाल्या, "अहो, सकाळी सकाळी भांडू नका ना." वयनी आणि भाई दोघांनीही मान वळवली.

"भांडून कोन राह्यलं, ताई?" भाईंनी खरोखरच आश्चर्याने विचारले.

दुसरी नोंद. काटा हसतो हे वाक्य ऐकून एक दुचाकीवरचे गृहस्थ खूश झाले आणि संत्री घेताना तेच वाक्य त्यांनी भाईंना ऐकवले, "काय हो, काटा हसते का तुमचा?" शब्द तेच. एक मिनिटही मध्ये गेले नव्हते. वयनी आपल्या ओट्यावरून कडाडल्या, "तुमाले कोन इचारलं? घ्याचे त घ्या, नाही त गाडी पुढं घ्या." गृहस्थांनी गाडी पुढे घेतली. भाईंचे गिऱ्हाईक वयनींनी घालवले, आणि भाईंनी त्याबद्दल एक अक्षर काढले नाही.

ही दुसरी नोंद मी लिहून घेतली, पण तिच्यावर विचार केला नाही. माझे लक्ष पाच नियमांवर होते. दोघांच्या बोलण्यात आईबाप येत नाहीत, जातधर्म येत नाही, गरिबी येत नाही, याची मी समाधानाने खूण करीत असे. भाई अंगाने किडकिडीत, वयनी त्यांना म्हणत, "सेमाडोहच्या वाघानं तुमाले पाह्यलं त थो बी उपास धरीन." हे शरीरावर जाते, म्हणून तेथे मी प्रश्नचिन्ह घातले. आणि एक अपवाद होता. वयनींच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा "मुर्दा बशिवला" येई. शब्दशः पाहिले तर ही प्रेताची शिवी आहे. पण वयनी ती सडक्या टमाट्याला देत, बंद पडलेल्या काट्याला देत, भाईंना देत आणि भाऊंनाही देत. भाई लगेच म्हणत, "तुमचाच बसन." वहीत मी लिहिले होते: नित्य वापराने अर्थ झिजलेला आहे, पाचव्या नियमातून वगळावे.

मागच्या हिवाळ्यात एका पहाटे, भाजीच्या लिलावाला निघण्यापूर्वीच भाऊ गेले. घरात उठले, पाणी प्यायले आणि खाली बसले, एवढेच. भाजीचा ओटा दोन आठवडे ताडपत्रीखाली राहिला. भाई रोज सकाळी आपली ताडपत्री मुकाट्याने काढत.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी संत्री घ्यायला गेले. भाईंनी संत्री तोलली, पिशवीत भरली, पण पिशवी हातातच धरून ठेवली.

"मॅडम, तुमी मास्तरीन होत्या. एक सांगा. वयनी उद्या येतीन. आता मी त्याइच्यासंग कसं बोलू?"

"म्हणजे?"

"म्हंजे पह्यल्यासारखं बोलाचं का नाही बोलाचं? आमच्या घरात चालिसवा होयपर्यंत त्या घरच्या मानसासंग हसी-मजाक नाही करत. अन् आमची त बोलाची रीतच मुर्द्यावर. त्या म्हनत मुर्दा बशिवला, मी म्हनो तुमचाच बसन. आता कसं म्हनू? जीभच नाही उचलत."

मी विचार केला, असे म्हणणे खोटे ठरेल. मला विचार करावा लागला नाही. पाचवा नियम समोर होता.

"बरोबर आहे तुमचे," मी म्हणाले. "चाळीस दिवस थांबा. आणि आता त्यांना वयनी म्हणू नका, ताई म्हणा. वहिनीशी थट्टा चालते, बहिणीशी चालत नाही. ताई म्हटले की त्यांचाही मान राहतो आणि लोकांच्याही तोंडाला काही मिळत नाही."

शेवटचे वाक्य मी हळू आवाजात म्हटले. एकट्या राहिलेल्या बाईशी शेजारच्या पुरुषाने रोज सकाळी थट्टा करावी, हे बाजाराला कसे दिसेल, याचा हिशेब माझ्या मनात होता. भाईंच्या मनात तो होता की नव्हता, मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली.

"तुमी म्हनता त बरोबरच असन."

पंधराव्या दिवशी वयनी आल्या. भाईंनी त्यांचा ओटा आधीच झाडून ठेवला होता.

"या ताई. बसा. ताडपत्री म्या काढून ठेवली."

वयनींनी मागे वळून पाहिले. त्यांच्या मागे कोणी बाई उभी आहे काय, हे त्या पाहत होत्या. मी त्या वेळी तेथे होते आणि हे मी पाहिले. त्याचा अर्थ मी असा लावला की त्यांचे मन अजून ठिकाणावर नाही.

पुढचे दिवस सगळे सारखे गेले. "ताई, पानी पाह्यजे का?" "ताई, आज मेथी भल्ली ताजी हाये." "ताई, उन्ह आलं, सरकून बसा." भाईंनी माझा सल्ला एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा पाळला. वयनी स्वतःच जुड्या बांधत आणि स्वतःच विकत. मागचे पोते घडी करून ठेवलेले असे. त्यांची हाळी कमी झाली, मग बंद झाली. गिऱ्हाईक समोर आले तर त्या भाव सांगत.

एकदा, बहुधा पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी, वयनींनी आपणहून सुरुवात केली. त्यांचा आवाज थोडा चाचपडत होता.

"भाई, गिऱ्हाईक म्हनते आज तुमचे संत्रे गोड हायेत. कोनाच्या वावरातून चोरून आनले?"

भाई खाली पाहून म्हणाले, "नाही ताई. वरूडचे हायेत."

वयनी पुन्हा जुडी बांधू लागल्या. त्या दिवशी मी वहीत तिसऱ्या रकान्यात लिहिले, "संयम पाळला गेला." मला तेव्हा समाधान वाटले होते, हे नमूद केले पाहिजे. आपण दिलेले उत्तर विद्यार्थ्याने बरोबर वापरले, की शिक्षकाला जसे वाटते तसे.

तेहेतिसाव्या दिवशी, गुरुवारी, मी वांगी घ्यायला गेले तर वयनी रिकामी पोती दोरीने बांधत होत्या.

"मॅडम, रविवारपासून मी नाही इथं. अकोल्याले जातो पोरीकडं. ओटा पुतन्याले देऊन देतो." आमच्याकडे बायाही जातो, देतो असेच म्हणतात.

"का बरे?"

"गुडघे दुखतात."

"गुडघे मागच्या वर्षीही दुखत होते," मी म्हणाले. उत्तर अपुरे असले की पुन्हा विचारायचे, ही माझी जुनी सवय आहे.

वयनींनी दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. भाई तेव्हा चहाला गेले होते.

"इथं बसून काय करू, मॅडम? मले वयनी म्हनत होता थो. आता ताई म्हनते."

"मान देतात ते."

"मान?" त्यांनी रस्त्याकडे बोट केले. "थे गाडीवरची पोरगी चालली ना, तिले बी थो ताई म्हनते. गिऱ्हाइकाले ताई म्हनते. मी काय संत्रे घ्याले आली का? माहा मानूस मेला. मी वयनी बी मेली का त्याच्यासंग?"

त्यांनी बांधलेले पोते बाजूला सारले.

"सारे म्हनतात, बाई, आता घरी बसा. आता कोनासाठी करता? म्हनू दे. लोकाइचं काय. पन या मानसानं वीस वर्सं माह्या वांग्याची इज्जत काढली. एक दिवस सुट्टी नाही देल्ली. अन् आता म्हनते मेथी ताजी हाये! म्या म्हनलं संत्रे चोरून आनले का, त मले सांगते, वरूडचे हायेत! असं उत्तर कोनाले देतात, मॅडम? ज्याच्यासंग बोलाचं नसते, त्याले देतात."

आता एक वाक्य बोलणे भाग होते.

"ताई म्हणायला मी सांगितले होते," मी म्हणाले. "त्यांनी मला विचारले होते. मी सांगितले."

वयनींनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी वांगी काट्यावर घातली, एक काढले, एक बदलून घातले, अगदी नेमके वजन केले आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"घ्या, मॅडम."

शब्द रोजचेच होते. आवाजातही काही उणे नव्हते. मी घरी आले आणि त्या दिवशी वही उघडली नाही.

शुक्रवारी सकाळी मी भाईंना सगळे सांगितले. ते एक संत्रे फडक्याने पुसत होते. तेच पुसत राहिले. मग फडके खाली ठेवून त्यांनी बोटांवर मोजले.

"चौतीस झाले. सहा राह्यले."

"वयनी रविवारी जातात," मी म्हणाले.

भाईंनी मोजलेली बोटे मिटली.

"चालिसवा त माह्या घरचा हाये, मॅडम," ते म्हणाले. "वयनीच्या घरची तेरवी कवाच झाली. त्या पंधराव्या दिवशी आल्या त्या बोलाले आल्या. म्या माह्या घरचे दिवस त्याइच्या घरावर मोजून राह्यलो."

हे मला सुचायला हवे होते. दोन घरांची दोन कॅलेंडरे आहेत, हे शिकवण्यासाठी शिक्षिका लागत नाही. पण शिक्षिकेने निदान विसरू नये.

"मंग आता काय बोलू?" भाईंनी विचारले. "मुर्द्याचं त अजून बी नाही बोलवत."

आणि मी, लाज वाटते, पण पुन्हा तेच केले. "वांग्यांवर बोला," मी म्हणाले. "भाजीवर बोललेले चालते. ते पाचही नियमांत बसते."

शनिवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. थंडी होती. वयनी मान खाली घालून मेथीची जुडी बांधत होत्या. ओट्याच्या कडेला बांधलेली पोती रचून ठेवलेली होती. भाईंनी ताडपत्री काढली, घडी केली, ती घडी मोडून पुन्हा केली आणि खाकरले.

"वयनी."

वयनींचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"वयनी, तुमचे हे वांगे असे दिसून राह्यले, जसे... जसे वार्षिक परीक्षेत नापास झालेले पोट्टे."

वयनींनी वर पाहिले नाही. "हे मॅडमनं लिव्हून देल्लं का?"

पलीकडची कांदेवाली फिसकन हसली. मी टमाटे निवडू लागले. मला टमाटे नको होते.

भाईंच्या हातात सवयीने उचललेले एक संत्रे होते. रोज भाऊंना देत ते. ते कोणाला द्यायचे हे न कळून त्यांनी ते तसेच धरले होते. मग ते एकदम बोलले, आणि या वेळी खाकरले नाहीत.

"भाऊ भल्ले हुशार निंगाले, वयनी. वीस वर्सं तुमची कटकट आइकली अन् गुपचाप सुटून गेले. जाच्या आधी मले इचारलं बी नाही, का भाई, हे सारं आता तुमच्या एकट्याच्या कानाले झेपन का?"

पाचवा नियम पूर्णपणे मोडला होता. मेलेल्या माणसाचे नाव, त्याच्या बायकोसमोर, भर बाजारात, थट्टेत. मी मध्ये पडण्यासाठी एक पाऊल पुढे टाकले. टमाटा हातात होता.

सवयीने दोघांनीही मागे पाहिले. मागे घडी केलेले पोते होते. मग वयनींनी आपल्या हातातली जुडी खाली ठेवली.

"मुर्दा बशिवला तुमचा, भाई!" आवाज पहिल्यासारखा, रस्त्यापलीकडे जाणारा. "माह्या कटकटीनं नाही गेले थे. तुमच्या संत्र्यानं गेले. रोज एक लाच खाऊ घालत होते ना? आंबटढोक!"

"आंबट? अवो वयनी, वरूडचं हाये!"

"पुन्हा वरूडचं! आइका हो, कांदेवाली! याइले दुसरं गावच माहीत नाही!"

भाईंनी हातातले संत्रे त्यांच्या ओट्यावर ठेवले. "खाऊन पाहा. आंबट निंगालं त माह्या तोंडावर मारा."

"नेम कशावर धरू? तोंड हाये कुठं त्या हाडाइत?"

वयनींनी पदराने डोळे पुसले, नाक पुसले, आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "काय पाह्यता? मेथी घ्याची त घ्या." संत्रे त्यांनी सोलले. अर्धे भाईंना दिले, अर्धे स्वतः खाल्ले. गोड होते की आंबट, ते दोघांपैकी कोणीच सांगितले नाही.

मी निघाले तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"मॅडम! टमाटा ठेवून जा, पिचकून राह्यला हातात. अन् एक आइका. तुमी शिकेल भल्ल्या, पन फळ्यावरची अक्कल फळ्यावरच ठेवत जा. बजारात आनली का दुपारपर्यंत सडते."

भाईंनी माझ्याकडे पाहिले, वयनींकडे पाहिले आणि आपल्या हातातले फडके खाली ठेवले.

घरी येऊन मी वही उघडली. कोण कोणाला: वयनींनी मला. काय म्हणाल्या: वरीलप्रमाणे, शब्दशः. पुढे काय झाले: मी हसले आणि पावशेर मिरच्या घेतल्या. इतक्या वर्षांत या वहीत माझ्या नावावरची ही पहिली नोंद आहे. अकोल्यातही आणि अमरावतीतही मला कोणी कधी असे बोलले नव्हते. मी त्याला मान समजत आले.

रविवारी वयनींचे जावई अकोल्याहून छोटा टेम्पो घेऊन आले. त्यांना चहा पाजण्यात आला. दोन पोती वांगी, मेथी आणि भाईंकडची टोपलीभर संत्री टेम्पोत चढवून त्यांना एकट्यालाच परत पाठवण्यात आले. ओटा ताब्यात घ्यायला आलेल्या पुतण्याला वयनींनी काय सांगितले, ते मी ऐकले. पण पाचांपैकी दोन नियमांत ते बसत नाही, म्हणून येथे देत नाही. पुतण्या हसत गेला.

पाच नियम मी खोडलेले नाहीत. अनोळखी माणसांसाठी आणि आठवीच्या वर्गासाठी ते आजही चांगले आहेत. त्यांच्याखाली पेन्सिलीने एक ओळ वाढवली आहे: ज्याला बोलायचे, त्यालाच विचारावे. भाईंनी मला विचारले, ही चूक लहान होती. मी "त्यांनाच विचारा" असे न म्हणता उत्तर दिले, ही मोठी होती. अकोल्याच्या त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही मी कधी विचारले नाही, की मेलेल्या माणसाबद्दल कोणीच बोलू नये असे तिला वाटते, की काही माणसांनी बोललेले चालेल.

हे सारे निरीक्षण दोन ओट्यांवरचे आहे. तेवढ्यावरून नियम सिद्ध होत नाही. आपल्या गल्लीत, कचेरीत किंवा घरात रोज एकमेकांची खोडी काढणारी दोन माणसे असतीलच. त्यांच्यातले एक माणूस दुसऱ्याशी अचानक अदबीने बोलू लागले, तर तो दिवस लिहून ठेवावा, आणि पुढे काय झाले तेही लिहावे. माझे म्हणणे बरोबर आहे की नाही, ते कृपया आपण स्वतः तपासून पाहावे.